आठ खोल्यांची भिशी

लबाडी करायची तर माणसानं तरुणपणी करावी. अडुसष्टाव्या वर्षी करायला गेलं की हात कापतात, घसा कोरडा पडतो आणि आपला फुगलेला खिसा अख्ख्या गल्लीला दिसतोय असं वाटत राहतं. सोमशेखर अण्णांचं त्या सोमवारी नेमकं हेच झालं. आणि हा माणूस कोण, तर पालिकेच्या कर खात्यात छत्तीस वर्षं काढून ज्यानं कुणाचा फुकटचा चहा घेतला नाही तो. निरोप समारंभात मिळालेली छत्रीसुद्धा 'ही कुठल्या खर्चात टाकली?' असं विचारून मगच हातात घेतली होती त्यांनी. अशा माणसाच्या सदऱ्याच्या आतल्या खिशात चोरलेल्या चाळीस चिठ्ठ्या! शिवा शिवा.

ही पाळी आणली त्यांच्या धाकट्या बहिणीनं, निंगव्वानं. म्हणजे तिनं मुद्दाम आणली नाही. पण निंगव्वाच्या वाऱ्याला उभं राहिलं की माणसावर काही ना काही येतंच.

निंगव्वाचा शेळगीत कडक भाकरीचा कारखाना होता. कारखाना म्हणजे पत्र्याची लांब शेड, ओळीनं मांडलेले तवे, आणि निंगव्वा धरून चाळीस बाया. सकाळपासून नुसती थापाथापी. भाकरी मोजून मजुरी, त्यामुळं प्रत्येकीची भाकरी ओळखू यावी म्हणून प्रत्येकीची वेगळी खूण: कुणी कडेला नख मारायची, कुणी तीन बोटं टेकवायची. मालकीण असूनही निंगव्वा रोज शंभरेक भाकऱ्या स्वतः थापायची, आणि तिची खूण म्हणजे मधोमध अंगठा. वाळून कागदासारखी कडक झाली तरी तो अंगठा भाकरीवर राहायचा. पुण्याची गिऱ्हाइकं म्हणे अंगठेवाली भाकरी मागून घ्यायची.

दोन वर्षांपूर्वी रुक्मिणी नावाची बाई कामावर आली ती टेम्पोतून, कपाट, पाण्याचं पिंप आणि दहावीतल्या पोरीसकट. घरमालकानं अकरा महिने भरल्याबरोबर भाडं चार हजारांवर नेलं होतं. तीन वर्षांतलं तिचं हे चौथं घर. निंगव्वानं कपाट शेडमध्ये ठेवून घेतलं, रुक्मिणीला तव्यावर बसवलं आणि संध्याकाळी अण्णांना विचारलं, "अण्णा, एक खोली बांधायला खरोखर किती लागतं वो? नफा सोडून."

बायको गेल्यापासून अण्णा जेवायला बहिणीकडेच असत. त्यांना हिशेबाचा प्रश्न विचारणं म्हणजे पैलवानाला शड्डू ठोकायला सांगणं. त्यांनी रात्रीचं जेवण बाजूला सारलं आणि कागद ओढला. शेडला लागून निंगव्वाच्या नवऱ्यानं, चनमल्लप्पांनी, हयातीत घेऊन ठेवलेला प्लॉट होता. तो फुकट धरला. बांधकाम वीस वर्षांत वसूल करायचं. त्यात घरपट्टी, दुरुस्ती, आणि पाणी पाच दिवसांआड येतं म्हणून मोठी टाकी. भागिले आठ. खोलीमागे महिना दोन हजार दोनशे.

"यात तुला एक पैसा सुटणार नाही," अण्णा म्हणाले.

"सुटायला मी काय अडकून बसलीय व्हय?" निंगव्वा म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिनं भर शेडमध्ये काठवटीत, पिठावर हात ठेवला आणि ज्या आठ जणींना स्वतःचं घर नव्हतं त्यांना शब्द दिला: भाडं दोन हजार दोनशे, जेवढा खर्च तेवढंच, आणि कुणी उठवणार नाही.

आता पिठावर हात ठेवणं म्हणजे अन्नाची शपथ, हे भाकरी थापणाऱ्या बायांना सांगायला नको. अण्णा मात्र कपाळाला हात लावून बसले. "अगं, शब्द द्यायच्या आधी सळईचा भाव तरी विचारायचास!"

झालंही तसंच. घर पाहावं बांधून म्हणतात ते उगाच नाही. निंगव्वाची साठवण गेली, पाटल्या गेल्या, अण्णांची निवृत्तीची पुंजी पायात गाडली गेली. खालच्या चार खोल्या उभ्या राहिल्या, आणि अंदाजपत्रकात छप्पन्न रुपये किलो धरलेली सळई अडुसष्टावर जाऊन बसली. सिमेंट वाढलं, वाळूचं तर विचारूच नका. वरच्या चार खोल्यांच्या स्लॅबला सेंट्रिंगच्या फळ्या लागून तयार होत्या, त्या फळ्यांचं भाडं रोज चढत होतं, आणि सळईला ऐंशी हजार कमी पडत होते.

दोघं बहीणभाऊ सात रस्त्याला एका बँकेत गेले. तिथल्या उत्कर्षा मॅडम चांगली पोरगी होती, तिनं दोघांना पंख्याखाली बसवलं, कागद नीट वाचले.

"आजी, या भागात खोलीला चार-साडेचार हजार भाडं मिळतं. तुम्ही तेवढं दाखवा, कर्ज होऊन जाईल."

"घेणार न्हाय तर दाखवू कसं?"

"पण मग परतफेडीला वाव कुठाय? तुम्ही नफाच ठेवला नाहीये."

"व्हय की. त्यासाठीच तर बांधलंय."

मॅडमनी अण्णांकडे पाहिलं. अण्णांनी पंख्याकडे पाहिलं. मनातून त्यांना आपल्या बहिणीचा असा काही अभिमान वाटला की घरी जाईपर्यंत ते तिच्यावर ओरडायचंच विसरले.

राहिला एक फायनान्सवाला, शेकडा महिना तीन टक्के. ऐंशी हजारांवर महिन्याला चोवीसशे नुसतं व्याज; आठ खोल्यांवर वाटलं की खोलीमागे तीनशे. म्हणजे दोन हजार दोनशेचे अडीच हजार. अण्णांनी हा आकडा दोनदा तपासला, तिसऱ्यांदा तपासला. आकडे काही बहिणीची माया बघत नाहीत. निंगव्वानं ऐकून घेतलं, आणि त्या दिवशी तिच्या अंगठ्याच्या भाकऱ्या पहिल्यांदा जळाल्या.

"तीनशेनं काय होतंय अव्वा, देऊ की आमी," रुक्मिणी म्हणाली खरी. पण तीनशे म्हणजे तिच्या पोरीचा कॉलेजला जायचा पास, हे निंगव्वाला ठाऊक होतं. शिवाय शब्द पिठावरचा होता.

नेमकी त्याच महिन्यात शेडची नवी भिशी सुरू होणार होती. चाळीस जणी, दरमहा दोन हजार, म्हणजे दर महिन्याला एकीला ऐंशी हजार. व्याज नाही, जामीन नाही. पहिली उचल निंगव्वाला लागली तर सळई येते, स्लॅब पडतो, आणि भाडं जिथल्या तिथं राहतं. दुसऱ्या भिश्यांमध्ये पहिली उचल चालवणाऱ्या बाईचीच असते, कुणी त्यात काही वावगं मानत नाही. पण इथं अण्णा होते ना! आठ वर्षांपूर्वी भिशी सुरू झाली तेव्हा त्यांनीच ठणकावून सांगितलं होतं, "मजुरी देणारी मालकीण. तीच पहिला गल्ला उचलायला लागली तर ती भिशी नव्हे, वसुली झाली. इथं चिठ्ठीच निघेल." नियमही त्यांचेच: प्रत्येकीनं आपली चिठ्ठी आपल्या हातानं करायची, लिहिता येत नसेल तर आपल्या भाकरीची खूण काढायची. आदल्या दिवशी सगळ्या चिठ्ठ्या तांब्यात पडायच्या, तांब्या अण्णांच्या घरी राहायचा, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर अण्णा एक चिठ्ठी काढायचे. आठ वर्षांत एकीनंही शंका घेतली नव्हती. "अण्णांच्या हाताला डोळे न्हाईत," असं बाया म्हणायच्या.

स्वतः खणलेल्या खड्ड्यात माणूस पडतो तो असा.

रविवारी दुपारी तांब्या घरी आला. अण्णा त्याच्याकडे बघत बसले. चाळिसात एक. एवढीच निंगव्वाची आशा. त्यांना लहानपणची निंगी आठवली. शाळेत जाताना आपल्या डब्यातली भाकरी दुसऱ्या पोरीला देऊन यायची आणि घरी आल्यावर भूक लागली म्हणून अण्णाच्या वाट्यातली मागायची. तेव्हा ते तिच्यावर चिडायचे आणि अर्धी द्यायचे. 'आतासुद्धा तेच चाललंय,' ते स्वतःशी पुटपुटले, आणि चप्पल घालून कोपऱ्यावरून दुरेघी वही घेऊन आले.

कडी लावून त्यांनी चाळीस चिठ्ठ्या लिहिल्या. प्रत्येकीवर एकच नाव: निंगव्वा. उघडली जाणार होती एकच, पण चाळीस म्हणजे चाळीस. लबाडीतसुद्धा हिशेब चुकता कामा नये. काही तर डाव्या हातानं लिहिल्या, का ते त्यांचं त्यांनाच माहीत. मग तांब्यातल्या खऱ्या चिठ्ठ्या काढून सदऱ्याच्या आतल्या खिशात कोंबल्या आणि खोट्या तांब्यात भरल्या. खऱ्यांपैकी एकही उघडून पाहिली नाही. दुसऱ्याची चिठ्ठी वाचणं बरं नव्हे, असं त्यांना वाटलं. आता बोला!

सोमवारी तवे बंद झाल्यावर बाया गोल करून बसल्या. अण्णांनी तांब्यात हात घातला. कपाळावर घाम.

"अण्णा, चिठ्ठी काढताय का दात?" कुणीतरी मागून म्हणालं, आणि सगळ्या हसल्या.

अण्णांनी चिठ्ठी काढली. उघडली. चष्म्यातून काही दिसेना, पण काय लिहिलंय ते वाचायची गरज कुठं होती? "नि... निंगव्वा," ते म्हणाले.

असा गलका उठला की पत्रे हादरले. रुक्मिणीनं तर उठून निंगव्वाच्या गालांवरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. अण्णांना जरा नवलच वाटलं. इतर वेळी दुसरीची चिठ्ठी निघाली की निम्म्या जणी तोंड वाकडं करायच्या. पण नवल करत बसायला त्यांच्या जिवात जीव कुठं होता? त्यांनी निंगव्वाकडे पाहिलं. ती हसत नव्हती. ती एकटक त्यांच्याकडे बघत होती, अगदी त्यांची आई बघायची तशी, डब्यातला गूळ कमी झाल्यावर.

"अण्णा," ती म्हणाली, "जरा घरात या."

घर शेडच्या मागंच होतं. निंगव्वानं दार लोटलं, अण्णांपुढं भाकरीचा तुकडा आणि शेंगाची चटणी ठेवली, आणि समोर बसली. रागावली तरी आधी खायला द्यायची तिची रीत.

"माझी चिठ्ठी कोरी व्हती," ती म्हणाली.

"काय?"

"कोरी. काईच लिवलं नव्हतं मी. पयल्याच महिन्याला मालकिणीचं नाव निघालं तर लोक काय म्हणतील? तुमचाच नियम न्हवं का? म्हणून कोराच कागद घडी घालून टाकला. मग माझं नाव आलं कुठनं अण्णा?"

अण्णांच्या तोंडातली भाकरी तोंडातच राहिली. खोटं बोलायची सवय असती तर एखादी थाप मारून मोकळे झाले असते. पण छत्तीस वर्षांत तो सरावच झाला नव्हता. त्यांनी खिशात हात घातला आणि चुरगळलेल्या चिठ्ठ्यांचा ढीग ताटाशेजारी ओतला.

"ह्या खऱ्या. तांब्यातल्या सगळ्या माझ्या. मीच लिहिल्या."

"यव्वा!" निंगव्वानं तोंडाला पदर लावला. "तुमी? छत्री घेताना पावती मागणारं माणूस तुमी!"

"मग काय करू? फायनान्सवाल्याच्या दारात तुला जाऊ देऊ? पिठावर हात ठेवलास तू, माझ्याशी हिशेब न करता! आता तो शब्द मोडला असतास तर पुन्हा पिठात हात घातला असतास का? मला माहितीय ना तू कशी आहेस." अण्णांचा आवाज फाटला. "नियम काय, माझाच आहे. बहीणही माझीच आहे."

निंगव्वानं तोंडावरचा पदर खाली घेतला. डोळे भरले होते, पण मान हलत होती ती नकाराची. "माया हाय, ती हायच की. त्याबद्दल म्हणत न्हाय मी. पण ह्यातल्या एकीचं नशीब मारलं तुमी. कुणाचं पोराचं लगीन असंल, कुणाचं आपरेशन. त्या पैशाचा स्लॅब माझ्या डोक्यावर नको. खऱ्यातली एक काढा. जिचं नाव निघंल तिला जाऊन आत्ता सांगायचं, पाय धरायचे आनि पैसे तिला द्यायचे."

"आणि सळई?"

"सळईचं शिवाला ठाऊक."

अण्णांनी डोळे मिटले, ढिगात हात घातला आणि एक चिठ्ठी उचलली. उघडली. वाचली. पुन्हा वाचली.

"काय हाय?"

"निंगव्वा," अण्णा म्हणाले.

"अण्णा, आता तरी नका वो!"

"अगं, माझं अक्षर नाही हे! बघ की तूच. हे महादेवीचं. तिचा 'न' असाच पोट सुटल्यासारखा."

निंगव्वानं चिठ्ठी ओढून घेतली. मग तिनं स्वतः एक उचलली. निंगव्वा. आणखी एक. निंगव्वा. एका चिठ्ठीवर नाव नव्हतं, पेनानं काढलेला वेडावाकडा गोल होता आणि गोलाच्या मधोमध शाई लावून उठवलेला अंगठा. तशी आणखी एक, तशा आणखी चार. लिहिता न येणाऱ्या बायांनी आपली खूण सोडून मालकिणीची भाकरी काढली होती. दोघं बहीणभाऊ लहान पोरांसारखे जमिनीवर बसून चिठ्ठ्या उघडत राहिले, आणि प्रत्येक चिठ्ठीला निंगव्वाचा हुंदका मोठा होत गेला.

दार ढकलून रुक्मिणी आत आली. बाहेर कान लावून किती वेळ उभी होती कोण जाणे.

"आता कळलंच हाय तर सांगते," ती म्हणाली. "चार दिवसांमागं तव्यावर बसल्या बसल्याच ठरलं. तुमाला सांगितलं असतं अव्वा, तर तुमी नको म्हणला असता. आनि अण्णांना सांगायचं म्हंजे..." ती थबकली. "अण्णा नियमाचे पक्के. त्यांनी भिशीच बंद केली असती. आमी समद्या आज जीव मुठीत धरून बसलेलो, अण्णांना कळतंय का काय म्हणून."

अण्णांनी मनात हिशेब केला. त्या चाळीसपैकी फक्त आठ जणींना खोली मिळणार होती. बाकीच्यांना ना खोली, ना भाड्यात सूट. महादेवीला पोरीच्या बाळंतपणासाठी पैसे हवे होते, हे त्यांनाही माहीत होतं.

"पण तुम्हा बाकीच्यांना यात काय मिळणार गं?" त्यांनी विचारलं.

"पैसे काय, पुढं मिळतीलच की, चिठ्ठी निघंल तवा," रुक्मिणी म्हणाली. "महादेवी म्हणली, माझ्या पोरीला उद्या नवऱ्यानं टाकली तर तिला ही खोली लागंल. कुणाचं काय सांगावं? बाईला एक दार तरी आसं पायजे की जिथनं तिला कुणी उठवणार न्हाय."

निंगव्वा पदरात तोंड घालून रडत होती, आणि अण्णा चष्मा पुसत होते, जो अगदी स्वच्छ होता.

शेवटी त्यांनी घसा खाकरला. हेडक्लार्कचा आवाज परत आला होता. "ते सगळं ठीक आहे. पण नियम म्हणजे नियम. प्रत्येकीनं आपलंच नाव लिहायचं असतं. दुसरीचं नाव लिहिलेली चिठ्ठी बाद. ह्या एकोणचाळीसच्या एकोणचाळीस बाद."

"अण्णा!" दोघी एकदम ओरडल्या.

"थांबा. तांब्यातल्या माझ्या चाळीस, त्या तर बादच बाद. मग राहिली किती?" त्यांनी ढिगातून चाचपून कोरी चिठ्ठी शोधून काढली, मांडीवर ठेवून तळव्यानं सपाट केली. "ही एक. दुसरीचं नाव नसलेली एवढी एकच चिठ्ठी आहे, निंगव्वा. बाकी आम्ही सगळे लबाड."

त्यांनी खिशाचं पेन काढून बहिणीपुढं धरलं. "आपल्या हातानं लिही."

निंगव्वानं पेन घेतलं, कागदाशी नेलं. मग तिनं लिहायचं सोडून पेनाचं टोक अंगठ्यावर घासलं आणि अंगठा कागदाच्या मधोमध टेकवला.

"नियमात बसलं," अण्णा म्हणाले.

"आनि तुमी काय केलं त्याचं काय?" रुक्मिणीनं डोळे पुसत पुसत विचारलं. "पुढच्या महिन्यापासनं चिठ्ठी काढताना अण्णांनी बंडीवर यायचं. खिसेवाला सदरा बंद!"

"बरं," अण्णा म्हणाले. खरं तर त्यांना इतकं हलकं वाटत होतं की त्यांनी कशालाही बरं म्हटलं असतं. त्यांनी ती अंगठ्याची चिठ्ठी घडी घालून पाकिटात ठेवली, आपल्या ताटातला भाकरीचा तुकडा मोडून अर्धा बहिणीच्या हातात दिला, अर्धा स्वतः तोंडात टाकला आणि म्हणाले, "आधी खा. मग सळईवाल्याला फोन लावू, उद्या पुन्हा भाव वाढवायचा तो."